साठीपर्यंत एकाच कंपनीत?

पुण्याहून एका पालकांचं पत्र आलं आहे. वय ४५. २००४ मध्ये इंजिनिअर होऊन हिंजवडीतल्या ज्या आयटी कंपनीत लागले तिथेच २१ वर्षं आहेत, सध्या डिलिव्हरी मॅनेजर, म्हणजे ग्राहकांची प्रोजेक्टं वेळेत पूर्ण करून घेणारे. वडील किर्लोस्करवाडीला कारखान्यात लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. आपलंही तसंच होईल असं हे धरून चालले होते. गेल्या काही महिन्यांत त्यांच्याच मजल्यावरच्या दोघांना एचआरने बोलावून राजीनामा द्यायला सांगितलं. वाकडच्या फ्लॅटचे हप्ते अजून नऊ वर्षं आहेत, मुलगा अकरावीत आहे, आईचा मधुमेहाचा खर्च कंपनीच्या पॉलिसीवर चालतो. खराडीतल्या एका परदेशी बँकेच्या टेक्नॉलॉजी सेंटरची ऑफर हातात आहे. पगार आठ टक्क्यांनी कमी, पण पद आर्किटेक्टचं, म्हणजे सॉफ्टवेअरची रचना ठरवणाऱ्याचं. ते विचारतात: 'निवृत्तीपर्यंत इथेच राहू की निघू? ग्रॅच्युइटी आणि पेन्शन बुडेल का? मुलाला कॉम्प्युटरला घालू का?' पत्राच्या शेवटी एक ओळ आहे: 'घरी अजून काही बोललेलो नाही.'

सप्रेम नमस्कार,

आधी त्या शेवटच्या ओळीबद्दल. हे पत्र वाचून होईल त्याच दिवशी पत्नीशी बोला. त्या शाळेत शिक्षिका आहेत, घरात दुसरा पगार येतो, असं तुम्हीच लिहिलं आहे. आठ टक्के कमी पगारात घर कसं चालेल, हे एकट्याने रात्री जागून ठरवायचं गणित नाही. नोकरीची भीती घरात लपवून ठेवणारे अनेक पालक माझ्यासमोर बसले आहेत. त्यांच्या मुलांना बहुतेक वेळा आधीच अंदाज आलेला असतो, फक्त नेमकं काय झालंय ते कळत नाही म्हणून ती जास्त घाबरतात.

आता मुख्य प्रश्न. साठीपर्यंत राहायचं असं तुम्ही आज ठरवलंत, तरी ते पाळणं तुमच्या एकट्याच्या हातात नाही. तुमच्या नेमणूकपत्रात नोटिशीची मुदत आहे, निवृत्तीपर्यंत ठेवण्याचं वचन नाही. जुलै २०२५ मध्ये टीसीएससारख्या कंपनीने सुमारे दोन टक्के, म्हणजे १२ हजारांच्या आसपास, माणसं कमी करण्याचं जाहीर केलं. मधल्या आणि वरच्या फळीला त्याची सर्वाधिक झळ बसणार, हे कंपनीनेच सांगितलं होतं. तुम्ही नेमके त्याच फळीत आहात. त्याआधी जूनमध्ये त्याच कंपनीने वर्षातले किमान २२५ दिवस ग्राहकाच्या बिलावर भरले पाहिजेत आणि बेंचवर, म्हणजे प्रोजेक्टविना, ३५ दिवसांहून जास्त राहता येणार नाही, असा नियम आणला होता. सेवा विकणाऱ्या कंपन्यांचा हिशोब असा चालतो: तुमचे तास कोणाच्या तरी बिलावर लागले पाहिजेत. तीन प्रोजेक्टांचा समन्वय करणाऱ्या माणसाचे तास ग्राहक सहजासहजी बिलावर घेत नाही. तुमच्या निष्ठेत काही कमी पडलं म्हणून ही वेळ आलेली नाही, हे मनापासून समजून घ्या. पत्रात दोनदा 'मी काय चुकलो' असं लिहिलं आहे, म्हणून मुद्दाम सांगतो.

तुमच्या वडिलांची नोकरी टिकली त्यामागे कारखाना, युनियन आणि कायदा असे तिन्ही होते. १९७६ पासून मोठ्या कारखान्याला कामगार कमी करायचे तर सरकारची परवानगी लागायची. तरीही गिरणगावातल्या लाखो कामगारांचं १९८२ च्या संपानंतर काय झालं ते आपण जाणतो, आणि तळेगावचा जनरल मोटर्सचा प्रकल्प २०२० च्या डिसेंबरात थांबला तेव्हा तिथले कामगारही कायमच होते. शिवाय व्यवस्थापकीय काम करणारा माणूस कायद्याच्या 'कामगार' या व्याख्येत बसत नाही. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात बसत नव्हता आणि त्याच्या जागी आलेल्या औद्योगिक संबंध संहितेतही बसत नाही. वडिलांना जे छत्र होतं ते तुमच्या डोक्यावर नाही.

ग्रॅच्युइटीची भीती मात्र मनातून काढून टाका. पाच वर्षं पूर्ण झाली की ती राजीनामा दिला तरी मिळते, आणि मॅनेजरलाही मिळते. तुम्ही मूळ पगार ८०,००० लिहिला आहे. त्याला २६ ने भागा, १५ ने आणि २१ वर्षांनी गुणा: सुमारे ९ लाख ६९ हजार येतात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितांमध्ये भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील तर वरचा भाग वेतनात धरला जातो, त्यामुळे तुमचा आकडा वाढूही शकतो. कायद्याने देय कमाल रक्कम २० लाख आहे. नुकसान होतं ते एवढंच, की नव्या कंपनीत वर्षं पुन्हा एकपासून मोजली जातात. पीएफ यूएएनवर, म्हणजे नोकरी बदलली तरी तोच राहणाऱ्या पीएफ क्रमांकावर, ट्रान्सफर करा, काढू मात्र नका. पेन्शन योजनेतली सेवा दोन्हीकडची मिळून धरतात. तसंही १५,००० च्या वेतनमर्यादेवर हे पेन्शन पूर्ण सेवेनंतर महिन्याला साडेसात हजारांच्या आसपास थांबतं. तेवढ्यासाठी कुठल्या कंपनीला चिकटून राहावं, असं मला वाटत नाही.

खरा विचार करायचा तो कामाचा. तुम्ही नऊ वर्षांत कोड लिहिलेला नाही, याची तुम्हाला लाज वाटते असं पत्रातून जाणवतं. पण त्याच पत्रात, जवळजवळ जाता जाता, लिहिलं आहे की १२ वर्षं तुम्ही एकाच युरोपीय बँकेच्या पेमेंट आणि सेटलमेंटच्या (बँकांमधले पैशांचे व्यवहार पूर्ण करण्याच्या) कामावर होता आणि स्विफ्ट या बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेश-जाळ्यातल्या जुन्या एमटी संदेशांवरून आयएसओ २०२२० या नव्या संदेश-पद्धतीवर जाण्याचं काम तुमच्या टीमने केलं. हे वाचून मी थांबलो. जगभरच्या बँका वर्षानुवर्षं ज्या स्थलांतरात अडकल्या होत्या, ज्याचा जुन्या-नव्याचा एकत्र चालण्याचा काळ नोव्हेंबर २०२५ मध्ये संपला, ते तुम्ही आतून पाहिलं आहे. कुठला संदेश कुठे तुटतो, कुठल्या रकान्यात बँका चुकीची माहिती भरतात, रात्री दोन वाजता सेटलमेंट अडकलं की कोणाला उठवायचं, हे कोर्स करून येत नाही. बाहेरच्या बाजारात तुमची किंमत यावर ठरेल, 'डिलिव्हरी मॅनेजर' या शब्दांवर ठरणार नाही. आणि हे ज्ञान वापरात राहिलं तरच टिकतं. आज आहात त्या खुर्चीत ते दरवर्षी थोडं थोडं जुनं होत चाललं आहे.

म्हणून माझं मत: ऑफर घ्या. आठ टक्के कमी असूनही घ्या. पन्नाशीत, कपातीनंतर, हातात काही नसताना शोधायला निघालात तर घट याहून बरीच मोठी पडू शकते. मात्र तिथेही साठीपर्यंतची हमी नाही. अशी सेंटरं परदेशातल्या मुख्यालयाच्या निर्णयावर वाढतात आणि आटतात. सही करण्याआधी तिथल्या तुमच्या होणाऱ्या वरिष्ठांना भेटून विचारा, की डिझाइनचा निर्णय पुण्यात होतो की बाहेरून ठरून येतो. पुण्यात फक्त अंमलबजावणी असेल, तर पदाचं नाव आर्किटेक्ट असलं तरी काम तुमच्या आजच्यासारखंच समन्वयाचं होईल, आणि मग मी तुम्हाला थांबा म्हणेन. आणखी एक प्रश्न: हे पद नवीन आहे का, की आधीचा माणूस सोडून गेला? गेला असेल तर का गेला, हे तिथल्या एखाद्या जुन्या सहकाऱ्याकडून काढा.

आईच्या विम्याची गोष्ट पैशांपेक्षा नाजूक आहे. ग्रुप पॉलिसी नोकरीबरोबर संपते. नव्या ठिकाणी आईवडील पॉलिसीत धरतात का आणि पहिल्या दिवसापासून मधुमेह धरतात का, हे लेखी घ्या. त्यापलीकडे, तुमची, पत्नीची आणि मुलाची स्वतंत्र पॉलिसी याच महिन्यात काढा. आधीपासूनच्या आजारांसाठीची प्रतीक्षा जास्तीत जास्त तीन वर्षांची असते, ती जितकी लवकर सुरू होईल तितकं बरं.

तुम्ही निघायच्या आत एचआरचं बोलावणं आलं, तर त्या खोलीत, त्या दिवशी कशावरही सही करू नका. 'मला कागद घरी नेऊन वाचायचे आहेत' एवढंच म्हणा. शांतपणे म्हणा, हवं तर तीनदा म्हणा. किती महिन्यांचा पगार देणार, विमा किती दिवस चालू राहणार, रिलीव्हिंग लेटरवर काय लिहिणार, हे ईमेलवर मागा. तुमच्या सहकाऱ्यांनी घाईत राजीनामा लिहून दिला. कपातीत गेलेला माणूस कागदावर 'स्वेच्छेने' गेलेला ठरला की पुढे दाद मागणं फार अवघड जातं.

मुलाबद्दल थोडक्यात. त्याला गणित आवडतं, स्वतःहून प्रोग्रॅम लिहितो, असं असेल तर कॉम्प्युटर घेऊ दे. तुमची भीती त्याच्या सीईटीच्या पसंतीक्रमात उतरू देऊ नका. ब्रँचचा निर्णय बारावीनंतर घ्यायचा आहे, तोवर त्याला भौतिकशास्त्र मन लावून करू द्या.

राहिली नोटिशीची गोष्ट. तुमची मुदत ९० दिवसांची आहे, आणि खराडीवाले ६० दिवसांत या म्हणतात. राजीनामा देण्याआधी त्यांच्याकडून रुजू होण्याची तारीख वाढवून लेखी घ्या, किंवा उरलेल्या ३० दिवसांची भरपाई ते करणार का, ते विचारा. ते उत्तर ईमेलवर आल्याशिवाय इकडे राजीनामा टाकू नका.

तुमचा,
करिअर मार्गदर्शक