पेटी, कीबोर्ड आणि पोटातलं दुखणं

‘देवाच्या घरात सेवा करते, तरी दुसरीचं कौतुक झालं की पोटात दुखतं. माझा विश्वासच खोटा का?’ नाशिकच्या शरणपूर रोडकडून माझ्याकडे सल्ल्याला येणाऱ्या ख्रिस्ती बायका हा प्रश्न बहुतेक वेळा आडवळणानं विचारतात. या बाईंनी सरळ विचारला. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.)

बाई मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, वर्षानुवर्षं पेटी वाजवायच्या. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची भजनं तोंडपाठ. मग लग्न होऊन आलेली एक मुलगी कीबोर्ड घेऊन बसू लागली आणि पाळकांनी (चर्चच्या धर्मगुरूंनी) नाताळची गाणी तिच्याकडे सोपवली. बाईंना कळलं ते व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरून.

खरं दुखणं नंतर बाहेर आलं. एका रविवारी मुलीनं भजन फार वरच्या पट्टीत धरलं. अंतऱ्याला पुरुषमंडळींचे आवाज फाटले, निम्मे लोक गप्प. ‘मला पहिल्या ओळीलाच कळलं होतं, ताई. मागच्या बाकावर बसून मजा बघत राहिले.’

प्रार्थना करा, असं मी सांगितलं नाही; ती त्या करतच होत्या. न विचारता काम काढून घेतलं, तो अपमान. तो पाळकांशी बोलायचा. त्याचा राग मुलीवर निघाला, तो हेवा. ‘क्षमा करून टाका’ म्हणत दोन्ही एकाच गाठोड्यात बांधतात, ते मला पटत नाही.

मग बायबलमधलं करिंथकरांस पहिलं पत्र काढलं, प्रेषित पौलानं करिंथच्या मंडळीला लिहिलेलं. प्रीतीचा तेरावा अध्याय आपण लग्नात वाचतो. लिहिला गेला तो ‘मी पौलाचा’, ‘मी अपुल्लोसाचा’ म्हणत भांडणाऱ्या मंडळीला. अपुल्लोस हा दुसरा उपदेशक, तो तर फर्डा वक्ता. तरी सोळाव्या अध्यायात पौल लिहितो, त्यानं तुमच्याकडे यावं म्हणून मी त्याला फार विनवलं. (तोच तेव्हा यायला राजी नव्हता.)

बाई अडखळल्या. ‘ज्याच्यावरून तट पडले, त्यालाच पुढे करत होता?’

‘प्रेम वाटेपर्यंत थांबू नका,’ मी म्हटलं. ‘तिच्या उपयोगी पडेल असं तुमच्याजवळ काय आहे?’

पाळकांशी बोलणं अवघडलेलंच झालं. ‘सांगायचं राहून गेलं,’ म्हणाले, बस्स. मुलीला मात्र बाईंनी घरी बोलावलं, वहीत प्रत्येक भजनापुढे पट्टी लिहून दिली. तिची हिंदी गाणी अजून आवडत नाहीत म्हणतात. परवा विचारत होत्या, हेही पाप का?

म्हटलं, नाही हो, ती तुमची आवड.