एलएमव्ही (हलकं मोटार वाहन) लायसन्सवर मालवाहू टेम्पो चालवत असताना अपघात झाला, तर विमा कंपनी क्लेम नाकारू शकते का?

टेम्पोचं एकूण वजन ७,५०० किलोच्या आत असेल, तर निव्वळ ‘लायसन्सवर ट्रान्सपोर्टचा शेरा नाही’ एवढ्यावर नाकारता येत नाही. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने बजाज अलियान्झ विमा कंपनीच्या प्रकरणात हे स्पष्ट केलं.

गडबड होते ती वजनाच्या आकड्यात. आरसी बुकात दोन वजनं असतात: रिकाम्या गाडीचं आणि मालासकटचं. मालवाहू गाडीला दुसरं, म्हणजे ‘ग्रॉस व्हेइकल वेट’ लागू होतं. रिकामं वजन कमी दिसलं म्हणून निश्चिंत राहू नका. ग्रॉस ७,६०० असेल तर हा निकाल तुमच्या कामाचा नाही. ई-रिक्षा आणि घातक मालाची वाहतूक यांचे नियमही वेगळे आहेत.

अपघाताच्या दिवशी लायसन्स चालू हवं, हे वेगळं सांगायला नको.

क्लेम नाकारल्याचं पत्र लेखीच मागा, त्यात नेमकं कारण असू द्या. आणि जखमी त्रयस्थ व्यक्तीला वाऱ्यावर सोडता येत नाही: लायसन्समध्ये खरंच दोष निघाला, तरी सर्वोच्च न्यायालयाच्या २००४ च्या स्वर्ण सिंह निकालानुसार मोटार अपघात दावा न्यायाधिकरण कंपनीला आधी भरपाई द्यायला आणि मग मालकाकडून वसूल करायला सांगू शकतं.