सी हॉक की आलिझे? पहिल्या स्केल मॉडेलसाठी माझं मत आलिझेला

प्रश्न थोडक्यात असा आहे: गोव्याच्या डिचोलीतला इंजिनिअरिंगचा विद्यार्थी. फोमच्या ट्रेनर विमानावर हात चांगला बसलाय. बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयातलं सी हॉक हे जुनं लढाऊ जेट मनात भरलंय आणि तेच १:८ प्रमाणात, डक्टेड फॅन (नळीत बसवलेला विजेचा पंखा) लावून, आराखड्यापासून स्वतः बांधायचंय. साहित्य काय घ्यायचं, पावसाळ्यात काम होईल का आणि उडवायचं कुठे, हे तीन उपप्रश्न.

सी हॉक जरूर बांध, पण दुसरं. पहिलं आलिझे बांध, म्हणजे नौदलाचं प्रोपेलरवालं पाणबुडीविरोधी विमान. तेही त्याच आवारात उभं आहे आणि लोक त्याच्याकडे पाठ करून सी हॉकसमोर फोटो काढतात, ही त्याची शोकांतिका.

सी हॉकचं सौंदर्य हीच मॉडेलवाल्याची डोकेदुखी. पोटात एकच, नीन नावाचं जेट इंजिन. हवा दोन्ही पंखांच्या मुळाशी असलेल्या तोंडांतून आत येते आणि झोतही दुभागून पंखांच्या मागच्या मुळांतून बाहेर पडतो. त्यामुळे शेपूट मोकळी राहिली, विमान देखणं झालं. खऱ्या इंजिनाला ही चैन परवडते. आपल्या ९० मिमी पंख्याला नळीच्या प्रत्येक वळणावर जोर गमवावा लागतो, म्हणून लोक पोटाखाली गुपचूप जादा भोक ठेवतात. ते करूनही एक अडचण उरतेच. जेटमध्ये शेपटीवर प्रोपेलरचा वारा नसतो. विमानाने वेग घेईपर्यंत एलिव्हेटर आणि रडर (शेपटीवरच्या आडव्या आणि उभ्या हलत्या पट्ट्या) नुसते हलतात, काम करत नाहीत. आपल्याकडे डांबरी धावपट्टी कुणाच्या नशिबात आहे? गवतात अडखळणारी बारकी चाकं आणि उशिरा जागी होणारी शेपूट, हे पहिल्या स्केल मॉडेलला नको.

आलिझेचा पंख सरळ आणि रुंद, नाकावर प्रोपेलर, नाक लांब. त्या नाकात खऱ्या विमानात रोल्स-रॉइस डार्ट टर्बोप्रॉप (प्रोपेलर फिरवणारं टर्बाइन इंजिन) होतं, तुझ्याकडे तिथे मोटर आणि बॅटरी बसेल. खऱ्या आलिझेचा पंखविस्तार १५.६ मीटर, लांबी १३.८६ मीटर. म्हणजे १:१० ला १५६ सेंटीमीटर पंख आणि जेमतेम १३९ सेंटीमीटर लांबी. दुचाकीवर मावणार नाही, पण पंख सुटा केला आणि मागची सीट पाडली तर छोट्या गाडीत जातं.

आता कुणीतरी म्हणेलच की सी हॉक हे हल्ल्याचं विमान, आलिझे तर पाणबुडीविरोधी, ते हल्ल्याचं कुठे? त्यांच्यासाठी: आलिझेचा पूर्वज ब्रेगे व्हल्तुर हा विमानवाहू नौकेवरून हल्ला करण्यासाठीच आखला होता. नाकात टर्बोप्रॉप आणि शेपटीत जादा जोरासाठी जेट, तेही नीनच. पुढे गरज बदलली, शेपटीतलं जेट निघालं आणि त्या भागात पोटातून खाली उतरणारा रडारचा घुमट आला. आणि १९७१ च्या डिसेंबरात विक्रांतवरून सी हॉकने कॉक्स बाझार, चितगाववर हल्ले चढवले तेव्हा आलिझेही त्या मोहिमेत होतीच. आपल्या नौदलाचं ३१० स्क्वाड्रन म्हणजे कोब्रा, सी हॉकवालं ३०० म्हणजे व्हाइट टायगर्स. दोन्ही खुणा मॉडेलवर शोभतात.

आराखड्याचं. नेटवर मिळणाऱ्या त्रिदर्शनी चित्रांवर आंधळा विश्वास ठेवू नकोस. दोन चित्रं एकमेकांवर ठेवलीस की उभ्या शेपटीचा बाक वेगळा निघतो. म्हणून पहिल्यांदा लांबी आणि विस्तार या दोन ठाऊक मापांवर चित्र तपासायचं, प्रिंट काढल्यावर आडवं-उभं दोन्ही पट्टीने मोजायचं, कारण मोठ्या प्रिंटरवर एका दिशेने कागद ताणला जातो. मग संग्रहालयात जा. कर्मचाऱ्यांना विचारून, विमानाला हात न लावता फोटो काढ. जवळून मोबाइलने काढलेल्या फोटोत नाक फुगतं आणि शेपूट बारीक होते. त्यापेक्षा लांब उभं राहून झूम कर, कॅमेरा धडाच्या मध्यरेषेच्या उंचीला धर. चाकाशेजारी जमिनीवर एक मीटरची पट्टी ठेवून काढलेला एक फोटो पुढे पन्नास वाद मिटवतो. रंग मात्र तिथून उचलू नकोस. समुद्राच्या कडेला उघड्यावर उभ्या विमानाला वेळोवेळी पुन्हा रंग मारावा लागतो, तो सेवेतला रंग असेलच असं नाही. रंगासाठी त्या काळातले रंगीत फोटोच बघायचे.

आता मुद्द्याची गोष्ट: शेपटीचं वजन. बाकी सगळं नंतर दुरुस्त होतं, हे होत नाही.

१:१० च्या आलिझेत गुरुत्वमध्यापासून शेपूट साधारण ८० सेंटीमीटर मागे आणि नाकात शिसं ठेवायची जागा साधारण ४५ सेंटीमीटर पुढे. म्हणजे शेपटीत २० ग्रॅम जास्त गेले की नाकात ३५ ग्रॅम भरावे लागतात. वीसचे पंचावन्न झाले, आणि हे एका जादा रंगाच्या थरात होतं. खऱ्या आलिझेचं पंखक्षेत्र ३६ चौरस मीटर, तुझ्या मॉडेलचं ३६ चौरस डेसिमीटर. अडीच किलोत विमान झालं तर दर चौरस डेसिमीटरला ७० ग्रॅमच्या आत राहतोस, उतरताना श्वास घ्यायला वेळ मिळतो. सव्वातीन किलो झालं तर नव्वदच्या घरात, मग ते वेगानेच उतरणार.

त्यामुळे बाल्सा (मॉडेलसाठीचं अगदी हलकं लाकूड) विकत घेतल्याबरोबर प्रत्येक फळी स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवायची आणि वजन पेन्सिलीने फळीवरच लिहायचं. एक मीटर लांब, दहा सेंटीमीटर रुंद, तीन मिमी जाडीची हलकी फळी तीस ग्रॅम भरते. तशीच दिसणारी जड फळी पन्नासला जाते. जड फळ्या पंखाच्या स्पारला, म्हणजे आतल्या मुख्य कण्याला, हलक्यांतल्या हलक्या शेपटीला. आडवी शेपटी अखंड जाड फळीतून कापू नकोस. तीन मिमी पट्ट्यांची जाळी आधी आराखड्यावर टाचण्या लावून जुळव आणि दोन्ही बाजूंनी एक मिमी बाल्साचा पत्रा चढव. पत्रा चिकटवताना खाली काच, वर काच, त्यावर जाडजूड पुस्तकं. रात्रभर हलवायचं नाही. सकाळी काढलीस की एका हाताने धरून टोकाला बोट लावून पिळून बघ. पिळली गेली नाही तर पुढचं सगळं सोपं आहे. एलिव्हेटर आणि रडर हलवणाऱ्या छोट्या मोटर, म्हणजे सर्वो, शेपटीत न ठेवता पंखाजवळ ठेव, मागे कार्बनची पोकळ नळी ने. आडव्या शेपटीचं क्षेत्र मापापेक्षा दहा टक्के वाढवलं तर कुणाच्या नजरेत येत नाही, पण उडवणाऱ्याला कळतं.

पंखाच्या फासळ्या करायची जुनी रीत अजून सर्वांत बरी: मुळाची आणि टोकाची फासळी प्लायमध्ये कापायची, मधे बाल्साचे तुकडे रचून बोल्टने आवळायचे आणि सँडपेपर लावलेल्या लांब ठोकळ्याने घासत जायचं. ठोकळा दोन्ही प्लायना एकाच वेळी टेकला की थांबायचं. टोकाकडे पंखाला दोन अंश खाली पीळ ठेव, म्हणजे वेग कमी झाल्यावर टोक आधी कोसळून, म्हणजे त्याची उचल संपून, विमान उलटं पडत नाही. पंखाचा छेद मूळ विमानाचा बारीक नको, आपल्या वेगाला थोडा जाड छेद मानवतो.

बाल्सा परवडत नसेल तर पंखाचा गाभा फोमचा कर. गरम तारेने फोम कापण्यासाठी नवीन यंत्र घ्यायची गरज नाही. शिगम्याचे चित्ररथ आणि चवथीची मखरं करणारे तुझ्याच तालुक्यात आहेत, त्यांच्याकडे तार असते आणि हातही सरावलेला असतो. त्यांना फक्त फासळीच्या आकाराचे दोन पत्र्याचे साचे दे. सनपॅकचं (पोकळ प्लास्टिकच्या जाहिरात-फलकाच्या पत्र्याचं) विमान मात्र स्केलसाठी करू नकोस. ते पडायला दणकट, पण वजनाला कुणाचं ऐकत नाही.

पावसाळ्यात काम होतं, पण कोणतं काम हे ठरवावं लागतं. जून ते सप्टेंबर हवेतला दमटपणा इतका की सपाट फळी आठवड्यात नावेसारखी वाकते. बाल्सा दोन काचांमध्ये, आणि ते गाठोडं बल्ब लावलेल्या कपाटात. आपल्याकडे बुरशी टाळायला कपड्यांच्या कपाटात बल्ब लावतात तोच उपाय. फासळ्या, धडाच्या चौकटी, कॉकपिट, चाकं, सर्वोची वायरिंग ही पावसातली कामं. काचकापड आणि इपॉक्सी चवथ उलटून ऊन पडेपर्यंत ठेव. ओलसर हवेत इपॉक्सीवर तेलकट थर येतो, त्यावर रंग धरत नाही. इस्त्रीने चढवायची फिल्मही दमट दिवसांत ताणून लावलीस तर एप्रिलच्या उन्हात सुरकुतते. माझी पसंती पंचवीस ग्रॅमचं काचकापड आणि पाण्यात मिसळणारं पॉलियुरेथेन व्हार्निश. वास नाही, वजन कमी, आणि घरातले तक्रार करत नाहीत.

मोटरचं साधं गणित: दर किलोला २५० ते ३०० वॅट. अडीच किलोला सातशे वॅट पुरे. ४एस (चार सेलची) बॅटरी, ६० ते ७० अँपिअरचा स्पीड कंट्रोलर, १३ इंची दोन पात्यांचा प्रोपेलर. खऱ्या आलिझेला चार पाती होती. ती मांडणीसाठी वेगळी कर, उडताना दोनच लाव.

आलिझेच्या चाकांनी एक मेहेरबानी केली आहे. पंखाच्या पुढच्या कडेतून बाहेर आलेल्या फुगीर डब्यांत ती दुमडतात, आणि प्रत्येक पायाला दोन-दोन चाकं. डबे आहेत म्हणून पंख न पोखरता यंत्रणेला जागा मिळते. जोडचाकं आहेत म्हणून गवतात ओझं वाटलं जातं. तरी पहिल्या मोसमात चाकं स्थिरच ठेव, फक्त डब्यांत रिट्रॅक्टची, म्हणजे चाकं दुमडणाऱ्या यंत्रणेची, प्लायची बैठक आत्ताच बसव. पंख दुमडण्याची यंत्रणा अजिबात नको. नुसती रेघ काढ. रडारचा घुमटही खालून चुंबकाने लागणारा कर, प्रदर्शनापुरता. रिव्हेट हवेच असतील तर इंजेक्शनच्या सुईतून पांढऱ्या फेव्हिकॉलचे ठिपके, पण फक्त नाक आणि कॉकपिटच्या भोवती. शेपटीवर एकही नाही. कारण वर सांगितलंय.

उडवायची जागा हा गोव्यात सर्वांत अवघड प्रश्न झालाय. पूर्वी फक्त दाबोळी होतं, २०२३ च्या जानेवारीपासून मोपाही सुरू झालं. ड्रोन नियम २०२१ मध्ये पंचवीस किलोपर्यंतचं, छंदासाठी आणि नजरेच्या टप्प्यात उडवलं जाणारं मॉडेल विमान धरलेलं आहे, त्याला टाइप सर्टिफिकेट लागत नाही. पण हवाई हद्दीचे नियम त्यालाही आहेत. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंत, त्यापलीकडे हिरव्या (परवानगी न लागणाऱ्या) क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत, आणि ८ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय नाहीच. त्यात दाबोळी हा नौदलाचा तळ. डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन संकेतस्थळाचा नकाशा उघडून तुझं मैदान त्यात बसव, नोंदणीबद्दलचं आजचं कलमही तिथेच वाच. तू डिचोलीचा, तेव्हा सत्तरीच्या बाजूला सरक. कापणी झालेले मळे जानेवारीपासून उत्तम, मालकाला विचारून. सडा दिसायला सपाट, पण जांभ्या दगडावर चाकं टिकत नाहीत. किनारा विसर. वाळू मोटरच्या बेअरिंगमध्ये जाते, खारी हवा जोडण्या खाते, आणि पर्यटक विमानाखालीच येऊन उभा राहतो.

वेळ सकाळची. मतलई वारे पडून खारे वारे सुरू व्हायच्या मधला शांत काळ, साधारण साडेनऊपर्यंत. दुपारी पश्चिमेचा वारा आला की नवीन विमान बाहेर काढायचं नाही.

पहिल्या उड्डाणाला गुरुत्वमध्य सरासरी पंखरुंदीच्या पंचवीस टक्क्यांवर ठेव, थोडं नाकजड चालेल. हळूहळू अठ्ठावीसपर्यंत मागे ने. फ्लॅप पहिल्या दिवशी बंद. उंचीवर गेल्यावर मोटर कमी करून, उचल संपल्यावर विमान कुठल्या बाजूला कोसळतं ते बघ आणि मगच उतरव.

आडव्या शेपटीची जाळी जुळली की पत्रा चढवण्याआधी फोटो आणि वजन इथे टाक. दोन्ही बाजू मिळून चाळीस ग्रॅमच्या वर गेली असेल तर फळ्या बदलायच्या की पट्ट्या कमी करायच्या ते बघू.