वाचकांचे प्रश्न : चिलापी खावी, पण जगवू नये

प्रश्न : बागेतल्या शेततळ्यात कुणीतरी चिलापी सोडली होती. आता तळंभर बोटभर मासे आहेत, मोठा एकही होत नाही. खाऊन खाऊन संपतील का? (एक वाचक, गुहागर)

गळाने काढून संपणार नाहीत. मोझांबिक तिलापिया, म्हणजे आपली चिलापी, मूळची आफ्रिकेची, भारतात १९५२ मध्ये आणलेली. मादी अंडी तोंडात धरून उबवते, आणि पिल्लं पोहायला लागल्यावरही धोका दिसला की त्यांना परत तोंडात घेते. त्यामुळे इतर माशांची अंडी खाल्ली जातात तशी हिची जात नाहीत. दाटी झाली की वाढ खुंटते, वीण मात्र खुंटत नाही. ८-१० सेंटिमीटरची मादीसुद्धा अंड्यावर येते. गळाला लागतात त्यातल्या त्यात मोठे. ते काढले की बारक्यांना खाणं मोकळं होतं. तुम्हाला काढायचे आहेत ते नेमके हे बोटभर मासे.

एप्रिल-मेमध्ये तळ्यातलं पाणी गुडघाभर होऊ द्या. मग १०-१२ मिलिमीटर आसाचं (भोकाचं) जाळं कडेकडेने ओढा. उथळ पाण्यात तळाला ताटाएवढे गोल खड्डे दिसतील. ती नराची घरटी, सुरुवात तिथूनच. जाळ्यात आलेली मादी घाबरून तोंडातली पिवळट अंडी आणि पिल्लं टाकून देते. म्हणून जाळं पाण्यात झटकू नका, मासे तळ्यात धुऊ नका. सगळं थेट काठावर, पाण्यापासून चार हात लांब आणा. एका दिवसाच्या अंतराने तीनदा तरी ओढावं लागतं. शेवटी तळ भेगा पडेपर्यंत वाळवा. प्लास्टिक अंथरलेलं असेल तर घड्यांत साचलेलं तांब्याभर पाणीही पुसून काढा. बहुतेकांचं चुकतं ते इथेच, आणि पुढच्या दिवाळीला तळं पुन्हा भरलेलं दिसतं. ओहोळाचं पाणी तळ्यात येत असेल तर तोंडाला बारीक जाळी हवी.

तळं उपसता येत नसेल तर मोहाची पेंड वापरता येते : एक गुंठा, एक मीटर खोल पाण्याला साधारण २५ किलो. रात्रभर भिजवून सकाळी ऊन असताना तळ्यात सगळीकडे पसरा. मेलेले मासे ताजे असतानाच उचलले तर खाता येतात. मात्र तिने मरळ-वाळंजही मरतात, आणि पाण्यात तिचा अंश दोन-तीन आठवडे राहतो. गुरं त्या पाण्यावर येत असतील किंवा पाणी पुढे वाहत असेल तर पेंडीचं नाव काढू नका.

प्रश्न : चिलापीला चिखलाचा वास येतो, घरात कुणी हात लावत नाही. उपाय? (वेंगुर्ले)

वास चिखलाचा नाही. पाण्यातलं निळं-हिरवं शेवाळ जिओस्मिन नावाचं द्रव्य सोडतं, ते माशाच्या चरबीत मुरतं. म्हणजे चरबी असेल तिथे वास : कातडी, पोटाची पातळ पट्टी आणि बाजूने जाणारी गडद लाल रेघ. मोठ्या माशाची तिन्ही काढा. पाठीचे काटे टोचतात, ते कात्रीने आधी कापा. खवले शेपटीकडून डोक्याकडे काढा. पोटात आतून काळं पातळ अस्तर असतं, ते मीठ लावलेल्या बोटाने घासून पूर्ण घालवा. राहिलं तर आमटी कडवट लागते. किलोभर अख्ख्या माशातून बिनकाट्याचं मांस ३५० ग्रॅमच्या आसपास निघतं, हे आधीच सांगितलेलं बरं.

साफ केलेल्या किलोभर तुकड्यांना एक चमचा हळद, एक चमचा मीठ आणि चार मोठे चमचे कोकमाचं आगळ लावा. आगळात मीठ असतंच, म्हणून वरचं हात राखून घालायचं. जिओस्मिन आंबटाने फुटतं, तेव्हा लिंबू किंवा चिंचही चालेल, पण वीस मिनिटांपुढे ठेवू नका, मांस भुसभुशीत होतं. सुटलेलं पाणी फेकून द्या. वाटणाची आमटी उकळली की तुकडे सोडा, सहा-सात तिरफळं ठेचून (बिया काढून) घाला, सात मिनिटांत उतरवा. डाव न घालता भांडंच हलवा. बोटभर मासे आमटीत घालून उपयोग नाही. डोकं-पोट काढा, तिखट-मीठ लावून तांदळाच्या पिठात घोळवा आणि कडक तळा. बारीक काटे चावून जातात.

गटाराच्या किंवा कारखान्याच्या सांडपाण्याखालची चिलापी खाऊ नका. कितीही शिजवलं तरी जड धातू जात नाहीत.

प्रश्न : खाडीत काळुंदर समजून चिलापी घेतली जाते. ओळखायची कशी? (मालवण)

पोटाखाली, शेपटीच्या बाजूला जो पर (पोहायचा पंख) असतो, त्याचे टणक काटे मोजा. चिलापीला तीन, काळुंदराला बारा-तेरा. बाजारात उभ्या उभ्या होतं. खाडीच्या खारट पाण्यातही चिलापी तगते आणि काळुंदराच्या जागेवर, खाण्यावर हक्क सांगते. काळुंदर आपलाच, तो उगाच बदनाम होऊ नये.

प्रश्न : अमेरिकेत लायनफिश खाऊन आटोक्यात आणतात. आपल्याकडेही तसं करावं का? (देवगड)

नको. हिंदी महासागर त्याचं घरच आहे. अटलांटिकमध्ये तो उपरा, फ्लोरिडाजवळ १९८५ मध्ये पहिल्यांदा दिसला. जाळ्यात आला तर हात लावू नका, पाठीचे तेरा काटे विषारी असतात. टोचलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात अर्धा-एक तास बुडवून ठेवा आणि डॉक्टरकडे जा.

प्रश्न : मागणी वाढली तर चिलापी लवकर संपेल. मग विकायला काय हरकत? (दापोली)

उलटंच होण्याची भीती जास्त. किलोला भाव आला की कुणीतरी बादलीतून चार जिवंत मासे नेऊन दुसऱ्या तळ्यात सोडतो. थाई मागूर हा परदेशी मासा असाच पसरला; त्याच्या पालनावर देशात बंदी आहे, तरी तो सापडतो. विकायची तर मेलेली, कल्ले काढून, काठावरच बर्फात घालून विका. जिवंत मासा तळ्याच्या बांधाबाहेर जाता कामा नये, अगदी शेजाऱ्याच्या विहिरीत 'डास खाईल' म्हणून सोडायलाही.