जीआरईचे शब्द पाठ होतात, पण टिकत नाहीत

"मॅडम, रोज पन्नास शब्द पाठ करते आणि आठवड्याने त्यांतले दहासुद्धा आठवत नाहीत. माझी कुवतच कमी आहे का?" परदेशात एमएस, म्हणजे पदव्युत्तर पदवी, करण्यासाठी जीआरई या प्रवेश परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलामुलींकडून नाशिकमध्ये मला हा प्रश्न सतत ऐकायला मिळतो. त्याच्या मागोमाग बहुतेक वेळा दुसरे वाक्यही येते, "मी मराठी माध्यमाची आहे ना." या दोन वाक्यांचा एकमेकांशी वाटतो तितका संबंध नाही, हे ज्या मुलीच्या उदाहरणातून सांगता येईल तिची हकिगत येथे देत आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

ती निफाड तालुक्यातील द्राक्षबागायतदाराची मुलगी. दहावीपर्यंतचे शिक्षण गावातील मराठी शाळेत, नंतर नाशिकला यांत्रिकी अभियांत्रिकीची पदवी आणि सातपूरच्या एका कारखान्यात गुणवत्ता तपासणी विभागात नोकरी. शिफ्ट सुटली की ती थेट कॉलेज रोडवरील अभ्यासिकेत जाऊन बसत असे. गणिताच्या भागाची तिला धास्ती नव्हती. इंग्रजीच्या भागाने मात्र तिची झोप उडवली होती, आणि परीक्षेची तारीख घ्यावी की न घ्यावी या विचारात तिने बरेच दिवस घालवले होते.

मी तिची वही मागितली. डाव्या बाजूला इंग्रजी शब्द, उजव्या बाजूला एकेक मराठी अर्थ, अक्षर अतिशय सुबक. कोणीतरी दिलेली तीन-साडेतीन हजार शब्दांची यादी ती वर्णानुक्रमे उतरवत होती. 'ए' आणि 'बी' या अक्षरांची पाने हाताळून मऊ पडली होती, त्यांचे कोपरे दुमडले होते. 'डी'नंतरची पाने मात्र कोरी करकरीत होती. विसरल्याची जाणीव झाली की ती पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात करत होती, हे त्या वहीवरूनच कळत होते.

त्यानंतर मी तिला एक प्रश्न सोडवायला दिला. जीआरईमध्ये असा एक प्रकार असतो की वाक्यात एक रिकामी जागा आणि खाली सहा पर्याय असतात. त्यांतून असे दोन शब्द निवडायचे की त्या दोन्हींनी वाक्याचा अर्थ सारखाच राहील. एकच बरोबर आला तर अर्धे गुण मिळत नाहीत. मी तयार केलेल्या इंग्रजी वाक्याचा आशय असा होता: समीक्षक तिच्या भाषणांना पाल्हाळिक म्हणत असले, तरी तिची खाजगी पत्रे कमालीची अमुक असत. पर्याय होते टर्स, व्हर्बोज, लॅकोनिक, प्रोलिक्स, कॅन्डिड आणि ऑर्नेट. तिने टर्स आणि कॅन्डिड निवडले. टर्स, म्हणजे मोजक्या शब्दांतले, हे बरोबरच होते, पण कॅन्डिड कशासाठी, असे विचारल्यावर ती म्हणाली, "खाजगी पत्रात माणूस मोकळेपणाने लिहितो ना." ही गोष्ट खरी असली तरी त्या वाक्यात ती कोठेही म्हटलेली नव्हती. वाक्याला पाल्हाळाच्या उलट अर्थाचा शब्द हवा होता आणि तशी खूण 'तरी' या उभयान्वयी अव्ययाने स्पष्ट दिली होती. व्हर्बोज आणि प्रोलिक्स ही 'पाल्हाळिक' अर्थाची समानार्थी जोडी तर केवळ फसवण्यासाठी ठेवलेली होती.

दुसरे अचूक उत्तर लॅकोनिक होते, आणि तो शब्द तिच्या वहीत होता. समोर तिने 'मितभाषी' असे लिहिले होते. हा अर्थ चुकीचा नाही. पण मितभाषी माणूस असतो, पत्र मितभाषी असू शकते हे तिच्या मनातच आले नाही. शब्द पाठ असूनही हाती लागला नाही, याचे कारण तिची स्मरणशक्ती नव्हती. इंग्रजीत तो शब्द उत्तराला, शैलीला, पत्रालाही लागतो, हे त्या दोन रकान्यांच्या वहीत मावतच नव्हते.

या ठिकाणी परीक्षेचे स्वरूप समजून घेणे मला फार महत्त्वाचे वाटते, कारण अनेक विद्यार्थी अजूनही जुन्या जीआरईसाठी अभ्यास करत असतात. सुट्या शब्दांचे विरुद्धार्थी शब्द आणि शब्दांच्या जोड्यांमधील संबंध ओळखण्याचे प्रश्न २०११ मध्येच काढून टाकण्यात आले. सप्टेंबर २०२३ पासून परीक्षा आणखी लहान झाली असून ती आता दोन तासांच्या आत संपते. भाषेच्या भागात दोन विभागांत मिळून २७ प्रश्न असतात, पहिल्या विभागात १८ मिनिटांत १२ आणि दुसऱ्यात २३ मिनिटांत १५. त्यांतील जवळजवळ निम्मे प्रश्न उताऱ्यांवरील असतात आणि उरलेल्यांतही शब्द नेहमी वाक्यातच भेटतो. साडेतीन हजार शब्दांची यादी घेऊन बसणारा विद्यार्थी जे विचारलेच जात नाही त्याची तयारी करत राहतो.

तरीही शब्द लागतातच, हे मी तिला स्पष्ट सांगितले. म्हणून आम्ही यादी बंद केली आणि शब्द कोठून घ्यायचे ते ठरवले. परीक्षा घेणारी ईटीएस ही संस्था दोन सराव परीक्षा विनामूल्य देते. त्यांत अडलेले शब्द आणि रोजच्या इंग्रजी वाचनात अडलेले शब्द, एवढेच घ्यायचे. वाचनासाठी बातम्यांपेक्षा लांब लेख आणि विज्ञान किंवा इतिहासावरील पुस्तके निवडायची, कारण उताऱ्यांची भाषा त्या वळणाची असते. रविवारी ती सार्वजनिक वाचनालयात जाऊन बसू लागली. यादी सोडून देण्याची तिला सुरुवातीला भीती वाटत होती. घरी तिने हे सांगितले तेव्हा वडील म्हणाले, "विरळणी केल्याशिवाय घडातले मणी फुगतात का?" माझ्या सगळ्या बोलण्यापेक्षा तिला ते अधिक पटले.

प्रत्येक शब्दाचे एक कार्ड. पुढच्या बाजूला ज्या वाक्यात तो भेटला ते वाक्य, शब्दाची जागा रिकामी सोडून. मागे तो शब्द, त्याचा अर्थ आणि स्वतः रचलेले आणखी एक वाक्य, शक्यतो आपल्या रोजच्या कामातले. ओळखीच्या वाटणाऱ्या शब्दांकडे मी तिला मुद्दाम लक्ष द्यायला लावले. 'सँक्शन' म्हणजे मंजुरी हे तिला ठाऊक होते, पण तोच शब्द निर्बंध या अर्थाने येतो तेव्हा ती अडत असे. 'क्वालिफाइड' म्हणजे पात्र असे तिने धरले होते. 'क्वालिफाइड' स्तुती म्हणजे हातचे राखून केलेली स्तुती, हे तिला नवे होते. अशा शब्दांवर गुण जास्त जातात, असा माझा अनुभव आहे, कारण ते आपल्याला येतात या समजुतीने कोणी ते शब्दकोशात पाहतच नाही.

विसरण्याचे काय, हा तिचा मूळ प्रश्न. हर्मन एबिंगहाउस यांनी स्वतःवरच प्रयोग करून १८८५ मध्ये दाखवून दिले की पाठ केलेल्यातले बरेचसे सुरुवातीच्या काही तासांतच निसटते. हे सर्वांचेच होते. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ मधील प्रयोगात उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी अधिक आठवले, पण आठवड्यानंतर पुढे होते ते मध्ये न पाहता आठवून लिहिणारे. वही वाचताना 'हे येते' असे वाटते, आणि तेवढ्या वाटण्यावर विसंबले की फसगत होते. म्हणून कार्ड उलटण्याआधी शब्द तोंडाने म्हणायचा, असा नियम आम्ही केला. जर्मन विज्ञान पत्रकार सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२ मध्ये सांगितलेली खोक्यांची पद्धतही तिने उचलली. आठवलेले कार्ड पुढच्या खोक्यात जाते आणि अधिक दिवसांनी पाहिले जाते, न आठवलेले पहिल्या खोक्यात परत येते. बुटांचे एक खोके आणि मध्ये पुठ्ठ्याचे पडदे, एवढ्यावर तिचे भागले.

राहिला माध्यमाचा प्रश्न. मराठी शाळेत संधी, समास, उपसर्ग, प्रत्यय शिकलेल्या मुलीला शब्द फोडून पाहण्याची सवय असते, आणि ही सवय येथे फार उपयोगी पडते. 'बेने' म्हणजे चांगले आणि 'माल' म्हणजे वाईट, हे कळल्यावर बेनेव्होलंट आणि मालेव्होलंट तिला आपल्या 'सु' आणि 'दुर्' सारखेच वाटले. मात्र या फोडीवर पूर्ण भिस्त ठेवू नये. इन्व्हॅल्युएबल म्हणजे कवडीमोल नव्हे, अनमोल. त्यामुळे फोड करून अंदाज बांधावा आणि वाक्यात तो पडताळून पाहावा.

आणखी एक गोष्ट आम्ही केली, जी खरे तर प्रत्येकाने आधी करावी. तिला अर्ज करायचे होते त्या विद्यापीठांतील विभागांच्या अटी एकेक करून वाचल्या. गेल्या काही वर्षांत अनेक विभागांनी जीआरई ऐच्छिक केली आहे किंवा तिची अटच काढून टाकली आहे. तिच्या यादीतील काही ठिकाणी ती लागणारच नव्हती, हे कळल्यावर तिने तारीख घेतली.

परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात तिने एकही नवीन शब्द घेतला नाही, फक्त खोकी फिरवली. भाषेच्या भागात तिला जीआरई मागणाऱ्या उरलेल्या विद्यापीठ-विभागांसाठी पुरतील इतके गुण मिळाले. फार उंच नाहीत, पण सराव परीक्षेपेक्षा निश्चितच चांगले. आता तिचा मामेभाऊ जीआरई देणार आहे आणि तो तिचे खोके मागायला आला होता. ते द्यावे का, असे तिने मला फोनवर विचारले. मी म्हटले, "खोके रिकामे करून दे. तुझी कार्डे त्याच्यासाठी पुन्हा यादीच होतील."