वाचकांचे प्रश्न : नेक्स्टक्लाउडला एलडॅप जोडताना

प्रश्न : आमच्या महाविद्यालयात उबुंटूवर नेक्स्टक्लाउड (स्वतःच्या सर्व्हरवर फायली साठवायची, शेअर करायची प्रणाली) बसवलंय. विद्यार्थी-शिक्षकांची खाती ओपनएलडॅपमध्ये, म्हणजे एलडॅप पद्धतीच्या मध्यवर्ती यादीत (डिरेक्टरीत), आहेतच. ती जोडून चार चाचणी खात्यांनी लॉगिन केलं, तर डेटा फोल्डरमध्ये नावांऐवजी लांबलचक आकडे-अक्षरांचे फोल्डर दिसू लागले. कुठे चुकलं? (सोलापूर)

उत्तर : चुकलं काहीच नाही, पण चाचणीतच दिसलं हे बरं झालं. नेक्स्टक्लाउड एलडॅपमधल्या प्रत्येक खात्याला स्वतःचं एक अंतर्गत नाव देतं. तुम्ही काही ठरवून दिलं नाही, तर त्या नोंदीचा यूयूआयडी, म्हणजे तिचा एकमेव ओळख-क्रमांकच नाव म्हणून लावतं. तेच नाव फोल्डरला पडतं, शेअरिंगच्या नोंदींत जातं, वेबडॅवच्या (इतर ॲप्समधून फायली उघडायच्या) पत्त्यात दिसतं आणि पुढे बदलता येत नाही.

एलडॅप सेटिंग्जच्या 'एक्सपर्ट' टॅबमध्ये अंतर्गत नावासाठी गुणधर्म विचारणारी चौकट असते. तिथे 'यूआयडी' (लॉगिनचं नाव ठेवणारा गुणधर्म) भरा. हा बदल फक्त यापुढे जोडल्या जाणाऱ्या खात्यांना लागू होतो, म्हणून त्याच टॅबच्या तळाशी असलेल्या बटणाने जुनी जोडणी पुसा आणि चाचणीचे फोल्डर हाताने काढून टाका. खरी माणसं कामाला लागल्यावर मात्र या बटणाकडे फिरकू नका. फायली डिस्कवरच राहतात, पण कुठली कोणाची हा धागा तुटतो. नावात रोमन अक्षरं, आकडे आणि मोजकी चिन्हंच चालतात. तेच नाव आधी घेतलेलं असेल, तर पुढे आकडा चिकटतो. ओळख पटवायला यूयूआयडी आतून वापरात राहतोच, त्यामुळे विद्यार्थ्याची नोंद एका ओयूमधून (डिरेक्टरीतल्या विभागातून) दुसऱ्यात हलवली तरी त्याच्या फायली त्याच्याकडेच राहतात.

बाकीची जोडणीही एकदा तपासा. पीएचपीचं एलडॅप मॉड्यूल वेगळ्या पॅकेजमध्ये येतं. ते टाकल्यावर पीएचपी-एफपीएम किंवा अपाची रीस्टार्ट करावं लागतं. डिरेक्टरीत शोध घ्यायला फक्त वाचण्याचा हक्क असलेलं स्वतंत्र खातं द्या, ॲडमिनचं नको. लॉगिन फिल्टरमध्ये वापरकर्त्याने टाइप केलेल्या नावाच्या जागी '%यूआयडी' यायलाच हवं. फिल्टर हाताने लिहिताना हेच विसरतं आणि मग कोणीच आत येऊ शकत नाही. नेक्स्टक्लाउडमधलं मूळ स्थानिक ॲडमिन खातं काढू नका. डिरेक्टरी बंद पडली, तर आत शिरायला तेवढाच दरवाजा उरतो.

प्रश्न : खाती दिसतात, ग्रुपही दिसतात, पण प्रत्येक ग्रुपमध्ये शून्य सदस्य. (नाशिक)

उत्तर : 'ॲडव्हान्स्ड' टॅबमधली ग्रुप-सदस्य जोडणी पाहा. तुमचे ग्रुप 'पॉझिक्स-ग्रुप' प्रकारचे असतील, तर सदस्यांची नावं 'मेंबर-यूआयडी'त नुसत्या यूआयडीने लिहिलेली असतात. 'ग्रुप-ऑफ-नेम्स' असतील, तर 'मेंबर'मध्ये अख्खा डीएन, म्हणजे नोंदीचा डिरेक्टरीतला पूर्ण पत्ता असतो. निवड उलटी झाली की शून्य. फिल्टरमध्ये 'मेंबर-ऑफ' (माणसाच्या नोंदीत त्याचे ग्रुप दाखवणारा गुणधर्म) वापरायचं असेल, तर ओपनएलडॅपमध्ये त्याचा ओव्हरले (जोड-मॉड्यूल) आधी चालू करावा लागतो, आणि तोही पुढच्या नोंदींनाच धरतो. जुने सदस्य ग्रुपमधून काढून पुन्हा घालावे लागतात. दुरुस्ती केल्यावर दहा मिनिटं थांबा, कारण कॅशचा ठरलेला काळ ६०० सेकंदांचा असतो. अर्ध्या तक्रारी तेवढ्या वेळातच आपोआप मिटतात!

प्रश्न : ऑफिसात विंडोज सर्व्हरची ॲक्टिव्ह डिरेक्टरी आहे. पोर्ट ३८९ वर लॉगिन होतं. ६३६ वर गेलो की 'सर्व्हरशी संपर्क होत नाही'. फायरवॉल उघडी आहे. (पुणे)

उत्तर : ३८९ वर टीएलएसशिवाय (एन्क्रिप्शनशिवाय) प्रत्येक लॉगिनचा पासवर्ड नेटवर्कवरून उघडा जातो, त्यामुळे ६३६ वर जायचा निर्णय योग्यच. हा संदेश मात्र दिशाभूल करतो. संपर्क होतो, प्रमाणपत्रावर बिनसतं.

आधी लिनक्स सर्व्हरवरूनच 'ओपनएसएसएल एस-क्लायंट'ने ६३६ ला जोडून पाहा. प्रमाणपत्रच आलं नाही, तर डोमेन कंट्रोलरवर ते बसवलेलंच नाही. आलं, तर त्यावरचं नाव वाचा. सेटिंग्जमध्ये तुम्ही आयपी पत्ता टाकला असेल आणि प्रमाणपत्रावर पूर्ण होस्टनेम असेल, तर जुळणी होणार नाही. होस्टच्या चौकटीत 'एलडॅप्स'ने सुरू होणारा पत्ता त्याच होस्टनेमसह द्या.

नाव जुळूनही अडलं, तर ऑफिसच्या अंतर्गत सीएवर (प्रमाणपत्रं देणाऱ्या यंत्रणेवर) लिनक्सचा विश्वास नाही. त्या सीएचं मूळ प्रमाणपत्र बेस-६४ रूपात एक्स्पोर्ट करा, फाइलच्या शेवटी 'डॉट सीआरटी' ठेवा, 'यूएसआर-लोकल-शेअर'मधल्या सीए-प्रमाणपत्रांच्या फोल्डरमध्ये टाका, 'अपडेट-सीए-सर्टिफिकेट्स' चालवा आणि पीएचपी रीस्टार्ट करा. नेक्स्टक्लाउड डॉकरमध्ये असेल, तर हे सगळं कंटेनरच्या आत. स्टार्ट-टीएलएसची खूण काढा, ६३६ बरोबर ती चालत नाही. प्रमाणपत्र तपासणी बंद करायची खूण चाचणीपुरती लावायला हरकत नाही, पण ती तशीच राहून जाते असा अनुभव आहे.

यानंतर त्रुटी ४९ आली, तर कनेक्शन ठीक आहे, नाव किंवा पासवर्ड नाकारला गेला. ॲक्टिव्ह डिरेक्टरी सोबत एक उपसंकेतही देते : ५२ई म्हणजे पासवर्ड चुकीचा, ५३२ म्हणजे मुदत संपलेला, ५३३ म्हणजे खातं बंद, ७७५ म्हणजे कुलूपबंद.

प्रश्न : फिल्टरमध्ये ॲक्टिव्ह डिरेक्टरीतला 'डोमेन युजर्स' ग्रुप दिला, तर एकही माणूस सापडत नाही. (ठाणे)

उत्तर : तो सगळ्यांचा प्राथमिक ग्रुप असतो, आणि प्राथमिक ग्रुप 'मेंबर-ऑफ'मध्ये नोंदवला जात नाही. नेक्स्टक्लाउडसाठी वेगळा ग्रुप काढा आणि माणसं त्यात घाला. त्यात दुसरे ग्रुप घातले असतील, तर साधा 'मेंबर-ऑफ' त्यांच्या आत डोकावत नाही. त्याच्यापुढे १.२.८४०.११३५५६.१.४.१९४१ हा नियम जोडावा लागतो.

प्रश्न : नोकरी सोडलेल्या माणसाची नोंद डिरेक्टरीतून काढली. त्याच्या फायली आपोआप जातात का? (कोल्हापूर)

उत्तर : नाही. क्रॉन (ठरावीक वेळाने कामं आपोआप चालवणारी सोय) चालू असेल, तर नेक्स्टक्लाउड अशा खात्यांची अवशेष म्हणून नोंद करतं. 'ओसीसी' या नेक्स्टक्लाउडच्या कमांड-लाइन साधनाच्या 'एलडॅप : शो-रेम्नंट्स' कमांडने यादी मिळते. फायली दुसऱ्याच्या नावावर करून घ्या, मगच 'युजर : डिलीट'.