नवा वाइड रिसीव्हर कसा पारखायचा
अमेरिकन फुटबॉलच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे NFL लीगच्या टीम कॉलेजचे खेळाडू निवडतात तेव्हा, आपल्या टीमने वाइड रिसीव्हर (धावत जाऊन पास झेलणारा खेळाडू) उचलला की लगेच हायलाइट्सच्या मागे लागू नकोस, त्यात प्रत्येक जण हिरोच दिसतो. पूर्ण सामना बघ. जमलं तर उंचावरून घेतलेलं, बावीसही खेळाडू दिसणारं फुटेज. बॉल त्याच्याकडे येतच नाही, असे प्ले जास्त बोलतात. कॉर्नरबॅक, म्हणजे रिसीव्हरला अडवणारा डिफेंडर, अगदी तोंडासमोर उभा असताना आपला रिसीव्हर पहिल्या दोन पावलांत त्याला चुकवतो, की छातीवर धक्का खाऊन साइडलाइनकडे ढकलला जातो? वळताना कंबर खाली घेऊन झटक्यात थांबतो, की छोटी छोटी पावलं टाकत डिफेंडरला आधीच सगळं सांगून टाकतो? बॉल हातांत पकडतो की छातीवर?

चाळीस यार्ड धावण्याच्या वेळेचं फार कौतुक नको. जॉन रॉस 2017 मध्ये 4.22 सेकंदांत धावला, बेंगल्स टीमने ड्राफ्टमध्ये नवव्या क्रमांकावर घेतला आणि पुढे फारसं काही झालं नाही. त्याच ड्राफ्टमधला कूपर कप 4.62 वाला, गेला तिसऱ्या फेरीत. 2021 मध्ये कॅच, यार्ड आणि टचडाउन तिन्हींत लीगमध्ये पहिला!

आणि हो, कॉलेजात बॉल फेकणारा कोण होता तेही बघ. मोकळ्या रिसीव्हरच्या डोक्यावरून बॉल गेला तर त्यात याचा काय दोष?